गाणं कुठे थांबलं, तेही ऐकूया



डिसेंबर उजाडला की आपल्या सगळ्यांच्या शाळांत एकच गडबड सुरू होते. स्नेहसंमेलन! कोणत्या वर्गाचं कोणतं गाणं, कपडे कुठून भाड्याने आणायचे, साऊंडवाला कोण, पेन ड्राइव्ह कोणाकडे. २०१६ नंतर यात एका गाण्याची भर पडली आणि ते काही केल्या यादीतून जायला तयार नाही. ओळखलंत ना? ‘झिंगाट’. आमच्या शाळेत तर एका वर्षी तीन वर्गांनी तेच मागितलं, शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. चिठ्ठी माझ्या आठवीला लागली आणि मुलांनी बाकं वाजवून वर्ग डोक्यावर घेतला.

तालीम छान चालली होती. एक दिवस मधल्या सुट्टीत, घामाघूम झालेल्या मुलांमधल्या एकाने सहज विचारलं, “मॅडम, या गाण्यानंतर पिक्चरमध्ये एकपण गाणं नाहीये. असं का?”

खरं सांगू? मला उत्तर देता आलं नाही. ‘सैराट’ मी दोनदा पाहिला होता, गाणी तर शेकडो वेळा ऐकली होती. पण हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. “पुढे गोष्ट गंभीर होते ना, म्हणून,” असं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यात राहिला आणि त्याने मला सिनेमाचं संगीत वेगळ्या कानांनी ऐकायला लावलं. आज तेच तुमच्यापुढे मांडायचं आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. चित्रपटातलं संगीत नुसतं मनोरंजनासाठी नसतं. पात्र मनाने कसं कसं वाढत गेलं, त्याचा तो आलेख असतो. आणि हा आलेख एखाद्या सुट्या गाण्यात दिसत नाही. एका गाण्यापासून दुसऱ्या गाण्यापर्यंत काय बदललं, आणि गाणं कुठे थांबलं, यात तो दिसतो. हे ऐकायला मुलांना शिकवलं तर त्यांना गोष्ट तर कळेलच, शिवाय माणूसही कळेल. आणि आपण शिकलो तर आपल्याला मुलं कळतील.

आधी तीन साधे प्रश्न

संगीताची परिभाषा आपल्याला येत नसली तरी बिघडत नाही. मलाही येत नाही. राग ओळखता येत नाही, ताल मोजताना चुकते. पण हे तीन प्रश्न कोणालाही विचारता येतात:

१. हे गाणं कोणाच्या मनातलं आहे? (पडद्यावर कोण ओठ हलवतंय, हा प्रश्न वेगळा.)
२. ते नेमकं कधी येतं? त्याच्या आधी काय घडलं आणि नंतर काय घडणार आहे?
३. जिथे यायला हवं होतं तिथे ते का नाही आलं?

आपण धडा शिकवताना हेच करतो की! हे वाक्य कोण कोणाला म्हणाले, केव्हा म्हणाले. परीक्षेतला तोच जुना प्रश्न. फक्त वाक्याच्या जागी सूर ठेवायचा.

आर्ची आणि परशाची चार गाणी

आता या तीन प्रश्नांनी ‘सैराट’ बघूया. दिग्दर्शक नागराज मंजुळे, संगीत अजय-अतुल. चित्रपटात गाणी चारच आहेत आणि चारही पूर्वार्धात आहेत.

पहिलं गाणं परशाचं. आवाज अजय गोगावले यांचा, एकट्या पुरुषाचा. आर्ची विहिरीवर आलीय हे कळल्यावर धावत सुटलेला पोरगा आपल्याला आठवतो. आता गंमत बघा. गोष्ट सोलापूरकडच्या एका गावातली, मुलगा गरिबाघरचा, आणि त्याच्यामागे वाजतोय पाश्चात्त्य पद्धतीचा भला मोठा वाद्यवृंद, जो मुद्दाम अमेरिकेत जाऊन ध्वनिमुद्रित केला. एका गावच्या पोरासाठी एवढा थाट कशाला, असं तेव्हा काही जण म्हणाले होते. मला वाटतं, त्याचं उत्तर त्या वयात आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा कोणी आवडतं, तेव्हा त्याच्या आत तेवढंच मोठं काहीतरी वाजत असतं. बाहेरून आपल्याला दिसतो तो अभ्यासात लक्ष नसलेला, सारखा आरशात बघणारा मुलगा. आतला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. संगीतकाराने तो ऐकवला.

दुसरं गाणं आर्चीचं. आवाज श्रेया घोषाल यांचा, एकट्या मुलीचा. ही आर्ची बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर चालवणारी, कोणाला न घाबरणारी, चारचौघांत मोठ्याने बोलणारी. पण या गाण्यात ती स्वतःशीच बोलते. आपल्याला काय होतंय ते तिचं तिलाच नवीन आहे. दांडगट मुलीच्या आतलं हळवेपण आधी गाण्यात दिसतं, संवादात नंतर येतं.

तिसऱ्या गाण्यात दोन आवाज आहेत, अजय आणि चिन्मयी श्रीपाद यांचे. दोघांची मनं आता एकमेकांना माहीत आहेत. आणि चौथं ‘झिंगाट’. ते कोणा एकाचं नाही, दोघांचंही नाही. आर्चीच्या भावाचा वाढदिवस आहे आणि सगळा जमाव नाचतोय.

क्रम नीट लक्षात घ्या. आधी एक आवाज. मग दुसरा आवाज. मग दोघांचा मिळून. आणि मग सगळ्या गावाचा. जणू दोघांच्या प्रेमात आता सगळं गावच सामील झालंय! आपल्यालाही पाहताना तसंच वाटतं, आपण खुर्चीत पाय हलवत असतो. आणि त्याच रात्री ती दोघं पकडली जातात. ज्या अंगणात सगळे एका ठेक्यावर नाचत होते, तेच अंगण परकं होतं.

जात, इभ्रत, मारहाण, पळापळ. त्यानंतर गाणं नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. हैदराबादला पोचल्यावर आर्चीच्या वाट्याला काय येतं? झोपडपट्टीतली खोली, भोवतालचा वास, न कळणारी भाषा, घरची आठवण. ज्या मुलीच्या शब्दावर घरचे गडी धावायचे, ती बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते. तेलुगू शिकते. परशाचा संशय सोसते, चिडून निघून जाते आणि स्वतःच्या निर्णयाने परत येते. इथे तिचं वाढणं खरं सुरू होतं आणि इथेच तिला सोबत करायला गाणं नाही. पूर्वार्धात तिचं निम्मं ओझं संगीत उचलत होतं. आता तिचं तिलाच उचलायचं आहे. एखाद्या कमी ताकदीच्या दिग्दर्शकाने इथे एक सुंदर विरहगीत टाकलं असतं. आपण रडलो असतो, हलकं वाटलं असतं आणि विसरलो असतो. इथे ती सोय ठेवलेली नाही.

आणि शेवट. शेवटच्या प्रसंगात तर आवाजच नाही. ते लहान मूल घरात येतं, बघतं, बाहेर निघून जातं. ना सूर, ना हुंदका. थिएटरमधून लोक कसे बाहेर पडले होते, आठवतंय? गाणी सुरू असताना पडद्यापुढे जाऊन नाचणारे लोक शेवटी खाली मान घालून निघाले होते.

म्हणून मला आता ‘झिंगाट’वर मुलं नाचताना बघून आनंद होतो आणि थोडं चुकल्यासारखंही वाटतं. नाचू नये असं मी म्हणत नाही. गाणं नाचण्यासारखंच आहे. पण आपण ते गोष्टीतून उचकटून काढलं आणि मुलांच्या हातात नुसता ठेका दिला. ते गाणं शेवटचं आहे, त्याच्यानंतर शांतता आहे, हे कोणी सांगितलंच नाही.

उलट दिशेने : गाणं सुरू होतं तेव्हा

गाणं थांबलं म्हणजेच पात्र वाढलं, असा मात्र नियम नाही हं. नाहीतर मुलं तेवढंच पाठ करतील! कधी कधी नेमकं उलट असतं. गाणं फुटतं तेव्हा माणूस वाढतो.

पालकांपैकी अनेकांनी ‘गाईड’ पाहिला असेल. १९६५ चा चित्रपट, विजय आनंद यांचं दिग्दर्शन, संगीत सचिनदेव बर्मन यांचं. रोझी म्हणजे वहिदा रेहमान. नर्तकीच्या घरातली मुलगी, प्रतिष्ठा मिळावी म्हणून एका संशोधकाशी लग्न केलेली. नवऱ्याचं लक्ष गुहांमधल्या शिल्पांकडे. दगडातल्या नर्तकी तो तासन् तास न्याहाळतो, घरातल्या जिवंत नर्तकीला मात्र नाचायची बंदी.

आता रोझीच्या संगीताचा क्रम बघा. तिची पहिली वाचा शब्दांत नाहीच. राजू गाईड तिला सापाचा खेळ दाखवायला नेतो आणि तिथे ती अचानक नाचायला लागते. पुंगी आणि ठेका, बस्स. गाण्याला शब्द नाहीत, कारण तिच्याकडेच अजून शब्द नाहीत. शरीराला आठवतंय, मनाने अजून परवानगी दिलेली नाही. त्यानंतर ती घुंगरू विकत घेते आणि मग लताबाईंच्या आवाजात ते मोकळं गाणं येतं. चालत्या गाडीवर, चितोडच्या किल्ल्यावर. आधी ठेका, मग घुंगरू, मग शब्द. गुदमरलेला माणूस असाच बोलायला लागतो, नाही का? एकदम भाषण करत नाही. आधी हातपाय हलतात, मग हुंकार येतो, मग वाक्य.

पुढे तीच रोझी मोठी नर्तकी होते. तिची गाणी आता रंगमंचावरची आहेत, तयारीची, नटलेली, समोर प्रेक्षक असलेली. ऐकायला गोड, पण किल्ल्यावरचा तो वारा त्यात नाही. आणि राजूशी तिचं बिनसतं तेव्हा त्याची तक्रारसुद्धा ती नाचातूनच मांडते. एकाच मुलीची किती वेगवेगळी गाणी! ती एकामागून एक ऐकली की तिचं चरित्र लिहून होतं.

एक बाजा आणि एक किंकाळी

प्रत्येक वेळी गाणंच हवं असंही नाही. ‘शोले’ सगळ्यांनी पाहिलेला. १९७५ चा चित्रपट, संगीत राहुलदेव बर्मन यांचं. जय फारसा बोलत नाही, भावना दाखवणं त्याच्या स्वभावात नाही. संध्याकाळी तो पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोर पांढऱ्या साडीतली राधा एकेक दिवा मालवत जाते. बोलणं काही नाही. पण हीच राधा आपण आधीच्या आयुष्यात होळी खेळताना, खिदळताना पाहिलेली असते. त्या खिदळण्यापासून या दिव्यापर्यंतचं अंतर तो बाजा सांगतो. आणि जयच्या मृत्यूनंतर ती खिडकी बंद करते, तेव्हा आपल्याला कळतं की काय उमलू पाहत होतं आणि काय मिटलं.

दुसरं उदाहरण त्याहून अवघड आहे. सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’, १९५५ चा. संगीत पंडित रविशंकर यांचं. दुर्गा गेली आहे आणि वडिलांना, हरिहरला, ते माहीत नाही. अनेक दिवसांनी ते घरी आलेत, पोरीसाठी आणलेली साडी हौसेने काढून दाखवतात. तोवर दगडासारखी घट्ट राहिलेली आई, सर्वजया, ती साडी हातात येताच कोसळते. तिचं तोंड उघडतं, पण आपल्याला तिचा आवाज ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई वाजते, वरच्या पट्टीत. आईची किंकाळी सुरात बदललेली आहे.

मी हा प्रसंग एकदा नववीला दाखवला. बंगाली एक अक्षर कोणाला कळत नव्हतं. तरी वर्ग चिडीचूप. एक मुलगी म्हणाली, “मॅडम, खरं रडणं ऐकू आलं असतं तर आपण तिच्याकडे बघितलं असतं. आता ते आपल्याच आत वाजतंय.” यापेक्षा चांगलं रसग्रहण मी कुठल्या मार्गदर्शकात वाचलेलं नाही.

जो मुलगा नाचत नाही

आता एक चित्रपट खास आपल्यासाठी, म्हणजे शिक्षकांसाठी. ‘तारे जमीन पर’, २००७. संगीत शंकर-एहसान-लॉय यांचं. आपल्यापैकी कित्येकांनी तो प्रशिक्षणातही पाहिला असेल आणि ‘अध्ययन अक्षमता’ या विषयावर चर्चाही केली असेल. मी म्हणते, एकदा तो नुसता कानांनी बघा.

सुरुवातीला सकाळची घाई दाखवणारं गाणं आहे. गजर, आंघोळ, डबा, बाबांची बॅग, हुशार दादाची तयारी. सगळं घर एका वेगात पळतंय. आणि ईशान? तो अंथरुणात. गाण्याची लय घराची आहे, ईशानची नाही. पुढे तो शाळा बुडवून मुंबईच्या रस्त्यांवर एकटा फिरतो, तेव्हा मात्र त्याची स्वतःची लय सुरू होते. रंग बघायला थांबणारी, निवांत, डोळे मोठे करून चालणारी. एकाच घरात दोन लयी. भांडण अभ्यासाचं नाहीच, लयीचं आहे!

मग त्याला निवासी शाळेत ठेवतात. आईबाबांची गाडी निघून जाते आणि आईला उद्देशून ते गाणं येतं. शंकर महादेवन यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इथे एक बारकावा आहे. मूल आठ-नऊ वर्षांचं आणि आवाज मोठ्या माणसाचा. असं का? मला वाटतं, ईशान ते बोलूच शकत नाही, म्हणून. इतकी भीती, इतकं एकटेपण शब्दांत मांडणं त्या वयाला जमत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी मोठा गातोय. आणि पुढे तर ईशान चित्र काढायचंही सोडून देतो. त्याची लयच बंद पडते.

यानंतर निकुंभ सर येतात. विदूषकाच्या वेशात, बासरी घेऊन. चित्रपटातलं सगळ्यात दंगेखोर, सगळ्यात आनंदी गाणं. सगळा वर्ग बाकांवर चढून नाचतोय. आपण पण हसतोय. आणि एक मुलगा नाचत नाही.

ज्याच्यासाठी हे सगळं आहे, नेमका तोच कोरडा बसलाय. मला वाटतं, हा प्रसंग प्रत्येक शिक्षकाने दर वर्षी जूनमध्ये एकदा बघावा. कारण आपली एक ठरलेली समजूत असते. वर्ग हसला, नाचला, टाळ्या पडल्या, की तास छान झाला. निकुंभ सरांचं मोठेपण त्या नाचात नाही. त्या गोंगाटातही न नाचणारा एक मुलगा त्यांच्या नजरेतून सुटला नाही, यात आहे.

“हे सगळं करायला वेळ कुठाय?”

हा प्रश्न येणारच. शिक्षक म्हणतील, पोर्शन कधी संपवायचा? पालक म्हणतील, आधीच मुलं मोबाइलला चिकटलेली, त्यात तुम्ही शाळेतही सिनेमे दाखवणार?

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. मी पूर्ण चित्रपट वर्गात दाखवा असं म्हणतच नाही. ‘सैराट’चा शेवट तर लहान वर्गांना अजिबात दाखवू नये, मोठ्यांनाही तयारीशिवाय नको. पण गाणी मुलांपर्यंत आधीच पोचलेली आहेत, आपली परवानगी न घेता. लग्नाच्या वरातीत, रिक्षात, रीलमध्ये. ती ऐकू नका म्हणून काही होणार नाही. नीट ऐका म्हणून होईल. आणि वेळेचं म्हणाल तर महिन्यातून एक तास, तोही पाठाला जोडून. स्वभावचित्रण शिकवताना, ‘या पात्रात कोणता बदल झाला ते लिहा’ हा प्रश्न घेताना. त्या प्रश्नाची उत्तरं कशी येतात, माहीत आहे ना? ‘तो आधी वाईट होता, नंतर चांगला झाला.’ एवढंच! बदल हळूहळू होतो, त्याला पायऱ्या असतात, हे मुलांना शब्दांतून उमगत नाही. सुरांतून पटकन उमगतं.

मी वर्गात जे करून पाहिलं, ते असं:

१. एक प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवायचा. पात्राला काय वाटत असेल ते एका ओळीत लिहायला सांगायचं. मग तोच प्रसंग आवाजासह दाखवायचा आणि आपली ओळ बदलावीशी वाटते का, ते विचारायचं.

२. एकाच पात्राच्या दोन गाण्यांचे पहिले काही क्षण लागोपाठ ऐकवायचे. कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं आणि तुम्हाला असं का वाटलं? इथे बरोबर-चूक करायचं नाही. कारण महत्त्वाचं.

३. पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या पात्राला गाणं द्यायचं झालं तर कुठे द्याल? आणि कुठे मुद्दाम देणार नाही? हा दुसरा प्रश्न विचारायला विसरू नका. उत्तम चर्चा होते.

पालकांसाठी तर याहून सोपं आहे. घरी सगळे मिळून सिनेमा बघता ना? बघून झाल्यावर “आवडला का?” एवढंच विचारू नका. “कुठल्या गाण्याला तो सगळ्यात एकटा वाटला?” असं विचारून बघा. मुलं पात्राबद्दल बोलता बोलता हळूच स्वतःबद्दल बोलायला लागतात. थेट “तुला काय होतंय?” विचारलं की “काही नाही” हेच उत्तर येतं. आर्ची किंवा ईशान मध्ये असले की बोलणं सोपं जातं.

एक कबुली

शेवटी एक गोष्ट सांगते. सांगताना बरं वाटत नाही, पण सांगायला हवी.

काही वर्षांपूर्वी माझ्या सातवीत एक मुलगी होती. परिपाठात प्रार्थना सांगायला तीच पुढे असायची. आवाज खणखणीत. वर्गातही बडबडी, शेजारणीशी सारखं काहीतरी चाललेलं. मी तिला रोज गप्प बसवायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आपोआप गप्प झाली. परिपाठात मागे उभी राहायला लागली. ओठ हलायचे, आवाज नसायचा. वही नीटनेटकी, गृहपाठ पूर्ण, वर्गात तक्रार नाही. पालकसभेला तिचे काका आले, त्यांना मी कौतुकाने सांगितलं, “हो, आता शहाणी झालीये हं. समज आली तिला.”

फेब्रुवारीत शाळेतल्या मावशींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दिवाळीत घरात भांडण होऊन तिची आई माहेरी गेली होती, परत आलीच नव्हती. ही पोर पहाटे उठून धाकट्या भावाचा डबा करून शाळेत यायची. मावशींना कसं कळलं? तर ती त्यांना विचारायची, पोळ्या मऊ राहण्यासाठी काय करायचं.

चार महिने! चार महिने एका मुलीचं गाणं बंद होतं आणि मी त्याला शहाणपण म्हणत होते.

ती वाढत नव्हती का? वाढत होती. तिच्या वयाच्या मानाने फारच वाढत होती. आर्चीसारखीच, गाण्याशिवाय. पण सिनेमातल्या शांततेचा अर्थ लावायला आपल्याकडे दिग्दर्शक असतो. वर्गातल्या शांततेचा अर्थ आपल्यालाच लावावा लागतो. गप्प झालेलं मूल समजूतदार झालंय की आतून मिटलंय, हे बाहेरून सारखंच दिसतं. फरक ओळखायचा तर आधीचं गाणं आठवावं लागतं. हे मूल जूनमध्ये कसं बोलत होतं, कशावर हसत होतं, कोणाशेजारी बसत होतं, हे लक्षात असेल तरच ते कधी थांबलं हे कळेल.

त्यानंतर मी एक सवय लावून घेतली. हजेरी घेताना नुसतं ‘हजर’ ऐकत नाही, ते कोणत्या आवाजात आलं हेही ऐकते. रोज जमतंच असं नाही. साठ मुलं असतात, डोक्यात शंभर कामं असतात. पण काही वेळा एखादं ‘हजर’ कानाला खटकतं, आणि मग मी मधल्या सुट्टीत त्या मुलाला फळा पुसायच्या निमित्ताने थांबवून घेते.

यंदाही स्नेहसंमेलन आहे. ‘झिंगाट’ बहुतेक असेलच. मुलांना मनसोक्त नाचू द्या, आपणही टाळ्या वाजवूया. फक्त गाणं संपल्यावर दिवे लागतील तेव्हा एकदा मागच्या रांगेकडे नजर टाका. तिथे कोण नाचलं नव्हतं?